चेहऱ्याची साल काढण्याआधी

लग्नसराई जवळ आली की वाचकांच्या प्रश्नांचा सूर बदलतो. एरवी 'चेहऱ्याला काय लावू?' असं विचारणारे 'काय काढू?' असं विचारायला लागतात. पार्लरवाली ताई म्हणते हायड्रा करून घे, नणंद म्हणते पील कर, आई म्हणते डाळीचं पीठ लाव, त्यासारखं दुसरं काही नाही. यातलं खरं कुणाचं?

तिघींचंही चुकू शकतं. कारण तुमच्या चेहऱ्यावर आत्ता नेमकं काय चाललंय, हे तिघींपैकी कुणीच विचारलेलं नाही. मुरूम आहेत, वांग आहे, नुसता कोरडेपणा आहे, की कसलीशी 'गोरं करणारी' ट्यूब गेली दोन वर्षं लावणं चालू आहे? उपचाराचं नाव नंतर ठरतं, आधी हे ठरवावं लागतं.

आधी एवढंच समजून घ्या

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. खाली नव्या पेशी तयार होतात, साधारण चार आठवड्यांत वर येतात आणि आपल्याला न कळता गळून पडतात. वय वाढलं की हा वेग मंदावतो, म्हणून चेहरा निस्तेज दिसायला लागतो. एक्सफोलिएशन म्हणजे या गळण्याला घाई करणं. ती तीन तऱ्हांनी करता येते: घासून (स्क्रब, उटणं), पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा सैल करून (ॲसिडं, पपईतलं एन्झाइम, पील), किंवा यंत्राने वा ब्लेडने खरवडून (मायक्रोडर्माब्रेजन, डर्माप्लेनिंग).

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलेली आणि पुढे वाढवली गेलेली त्वचेची सहा प्रकारांची वर्गवारी डॉक्टर आजही वापरतात. आपल्यापैकी बहुतेकजण त्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. या त्वचेला सुरकुत्या उशिरा पडतात, ऊन जरा जास्त सोसतं. पण प्रत्येक इजेला ती रंगाने उत्तर देते. मुरूम आठवड्यात बसतो, त्याचा काळा डाग चार-सहा महिने मुक्काम ठोकतो. जोरात घासलेलं, जास्त जळालेलं, नखाने ओढलेलं तिच्या दृष्टीने सगळं सारखंच. म्हणून 'जितकं जोरात, तितकं उजळ' हा हिशेब आपल्या चेहऱ्यावर उलटा बसतो.

आणि हो, यातल्या कुठल्याही उपचाराने जन्माचा रंग बदलत नाही. उन्हाने रापलेला थर कमी होतो, तकाकी येते, डाग फिके होतात. त्यापुढचं आश्वासन कुणी देत असेल तर तिथून उठा.

यांनी सध्या थांबावं

- पिकलेले, दुखणारे मुरूम, इसब, ओली जखम किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असलेल्यांनी. आधी ते बरं होऊ द्या. मुरमांवर दाणेदार स्क्रब घासणं म्हणजे सूज वाढवून डागांची सोय करून ठेवणं.
- ओठांभोवती वारंवार पाणीदार फोड येतात त्यांनी. हा हर्पिसचा विषाणू पीलनंतर उसळू शकतो. डॉक्टरांना आधी सांगितलंत तर ते प्रतिबंधक गोळ्या देतात.
- मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेल्यांनी. पूर्वी सहा महिने थांबायचा सरसकट नियम होता. अलीकडे वरवरच्या पीलबाबत तो सैल झाला आहे; पण निर्णय गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा, पार्लरचा नव्हे.
- रेटिनॉल, ॲडापेलीन, ट्रेटिनॉइन लावणाऱ्यांनी. पीलच्या आधी काही दिवस ते बंद ठेवावं लागतं. किती दिवस, ते विचारून घ्या.
- गेल्या आठवड्यात ब्लीच, वॅक्स किंवा थ्रेडिंग केलेल्यांनी. 'क्लीनअप, ब्लीच, थ्रेडिंग, सगळं एकाच पॅकेजमध्ये' ही स्वस्तात पडणारी गोष्ट चेहऱ्याला महागात पडते.
- चेहऱ्यावर चपट्या चामखिळी असलेल्यांनी. घासल्याने, खरवडल्याने त्या पसरतात.
- दिवसभर उन्हात काम असणाऱ्यांनी. शेतात, डिलिव्हरीच्या दुचाकीवर, पोलीस भरतीच्या मैदानी सरावात सकाळ-दुपार जात असेल, तर पील पुढे ढकला. सनस्क्रीन हा त्याचा निम्मा उपचार असतो आणि घामात ते टिकत नाही.
- गरोदर स्त्रियांनी. सॅलिसिलिक ॲसिडचे पील आणि रेटिनॉइड (वरची रेटिनॉल, ॲडापेलीन, ट्रेटिनॉइन, आयसोट्रेटिनॉइन ही सगळी) टाळायचेच. गरोदरपणात आलेलं वांग बऱ्याच जणींचं बाळंतपणानंतर आपोआप फिकं होतं, तेव्हा घाई कशाला?

या यादीतला एक प्रकार मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण तोच सगळ्यात जास्त लपवला जातो.

'ती ट्यूब' लावत असाल तर

मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, मैत्रिणीने सुचवलेली, आठ दिवसांत चेहरा उजळवणारी ट्यूब. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पाहा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून नियम कडक केले. तरी ती काउंटरवरून मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि दुकानदारालाही.

सुरुवातीला ती खरोखर गुण देते, तीच तिची खोड. काही महिन्यांनंतर त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, उन्हात गेलं की आग होते, लव वाढते, मुरूम येतात. बंद केली की चेहरा लालबुंद होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. अशा त्वचेवर पील किंवा मशीन म्हणजे सोललेल्या गुडघ्यावर वजरी घासण्यासारखं आहे. ट्यूब एकदम आपल्या मनाने बंदही करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, न लाजता सांगा. त्यांच्याकडे रोज येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात.

तक्रार कोणती, उपाय कोणता

तेलकट चेहरा, ब्लॅकहेड्स. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे ते रंध्रांच्या आत पोचतं. घरी दोन टक्क्यांपर्यंतचा फेसवॉश किंवा लोशन पुरेसं. डॉक्टर याच ॲसिडचा वीस-तीस टक्क्यांचा पील करतात. नाकावरचे राखाडी ठिपके मात्र बहुधा ब्लॅकहेड्स नसतात. ती रंध्रांतली नेहमीची तेलाची भर असते. काढली तरी काही आठवड्यांत पुन्हा येते. पट्ट्या चिकटवून ओढण्यात अर्थ नाही.

कोरडा, निस्तेज चेहरा. लॅक्टिक ॲसिड सौम्य आणि ओलावा धरणारं. समारंभापुरती तकाकी हवी असेल तर हायड्राफेशियल ठीक आहे. पाण्याच्या जोराने आणि हलक्या ओढीने वरची घाण निघते, सीरम मुरतं. त्वचा शांत असेल तर बहुतेकांना चालतं. पण परिणाम थोड्या दिवसांचा. त्याने वांग जातं, खड्डे भरतात, असं सांगून सहा सिटिंगचे पैसे आगाऊ घेणाऱ्यांपासून सावध राहा.

मुरमांचे काळे डाग. इथे पीलचा खरा उपयोग आहे. मँडेलिक, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने काही सिटिंग. मँडेलिकचा रेणू मोठा, तो हळू शिरतो, म्हणून सावळ्या आणि नाजूक त्वचेला सोसतो. अट एकच: नवे मुरूम येणं आधी आटोक्यात हवं. नाहीतर एकीकडे डाग पुसायचे आणि दुसरीकडे नवे उमटायचे.

मुरमांचे खड्डे. साल काढून खड्डा भरत नाही. त्यासाठी मायक्रोनीडलिंग, लेझर, ठरावीक ठिकाणी लावायचं तीव्र ॲसिड असे वेगळे उपाय आहेत आणि ते डॉक्टरांचेच.

वांग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरलेले तपकिरी पट्टे. सर्वात जास्त पैसा आणि सर्वात जास्त निराशा इथेच. वांगामागे ऊन, हार्मोन्स, घराण्याचा वारसा असं सगळं असतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते वाढू शकतं. नुसतं ऊनच नाही, साधा दिसणारा प्रकाशही त्याला पुरतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन साध्या सनस्क्रीनपेक्षा उपयोगी पडतं. आधी सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली क्रीम, तीही महिनोन्महिने. सौम्य पील हा त्यानंतरचा जोड-उपाय. 'एका सिटिंगमध्ये वांग साफ' म्हणून तीव्र पील करून घेतलेल्यांचं वांग अनेकदा आधीपेक्षा गडद होतं. आणि बरं झालेलं वांग एका उन्हाळ्यात परत येऊ शकतं, ही तयारी मनात ठेवा.

लाल होणारा, चुणचुणणारा चेहरा. स्क्रब, मशीन, ब्लेड, काहीच नको. आधी निदान.

मानेचा काळेपणा. हा प्रश्न चेहऱ्याच्या प्रश्नाला शेपटासारखा जोडून येतोच. मान मखमलीसारखी जाड, काळसर झाली असेल तर तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. घासू नका; रक्तातली साखर तपासून घ्या, वजनाकडे पाहा. घासून घासून मानेवर, गळ्याच्या हाडांवर वेगळाच काळेपणा येतो. नायलॉनच्या घासणीची भक्ती करणाऱ्यांत तो हमखास दिसतो.

पुरुष वाचकांनो, तुम्ही रोज दाढी करता म्हणजे वस्तऱ्याने एक्सफोलिएशन करताच. वर स्क्रबची गरज नाही. हनुवटीखाली आत वळलेल्या केसांचे फोड येत असतील तर सौम्य ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक उपयोगी पडतं, आणि दाढी जरा कमी खोल करणं त्याहून उपयोगी.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी आया विचारतात. त्या वयात त्वचा भराभर बदलतच असते. सौम्य फेसवॉश, सनस्क्रीन, मुरूम असतील तर डॉक्टर. रीलमध्ये पाहिलेली आठ बाटल्यांची रांग नको.

स्वयंपाकघरातलं काय चालेल?

दिवाळीच्या उटण्याला माझा विरोध नाही. अभ्यंगात आधी तेल लावतात, मग उटणं. त्या तेलामुळे घर्षण कमी होतं. हा क्रम पाळला तर उटणं सोसतं; कोरड्या चेहऱ्यावर भरड उटणं घासलं की ओरखडे. चणाडाळीचं बारीक पीठ दह्यात कालवून लावायला हरकत नाही, मात्र ते पूर्ण वाळून चेहरा ताणायच्या आत ओल्या हाताने सोडवा.

यांना मात्र चेहऱ्यापासून लांब ठेवा: लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, साखर, अक्रोडाच्या कवचाची भरड. लिंबाचा रस त्वचेपेक्षा कितीतरी आम्ल असतो, सोडा उलट अल्कधर्मी. लिंबू लावून उन्हात गेलात तर त्यातल्या द्रव्यांमुळे त्वचा अक्षरशः भाजते आणि मागे तपकिरी ओघळ राहतात.

घरी ॲसिड वापरायचं असेल तर

१. एकच उत्पादन घ्या. ॲसिडचा फेसवॉश, ॲसिडचं टोनर आणि रात्री रेटिनॉल हे त्रिकूट नको.

२. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक दहा टक्क्यांच्या आत, पीएच साडेतीन किंवा त्याहून जास्त, ही घरगुती वापराची मान्य मर्यादा. ऑनलाइन मिळणारी तीस टक्क्यांची लाल बाटली घरासाठी नाही, दिसायला कितीही देखणी असो.

३. कानामागे किंवा जबड्याच्या कडेला थोडं लावून दोन दिवस वाट पाहा.

४. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, आठवड्यातून एकदा. महिनाभर सोसलं तर दोनदा. वर साधं मॉइश्चरायझर.

५. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन हवंच. ही ॲसिडं त्वचेला उन्हासाठी हळवी करतात.

मिनिटभर चुणचुण चालेल, आग नाही. धुतल्यावर चेहरा ताणतोय, काचेसारखा चकाकतोय, रोजचं मॉइश्चरायझरही झोंबतंय, तर तो 'ग्लो' नव्हे, अती झालं आहे. सगळं बंद करा. दोन-चार आठवडे सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस.

बाजारात चोळल्यावर भराभर कण सुटणारी 'पीलिंग जेल' मिळतात. ते कण तुमची मृत त्वचा नव्हेत, बव्हंशी जेलमधलाच पदार्थ गोळा होतो. कोरड्या तळहातावर चोळून पाहा, तिथेही निघतील.

पार्लर की क्लिनिक?

क्लीनअप, सौम्य स्क्रब, स्वच्छ यंत्रावरचं हायड्राफेशियल पार्लरमध्ये करायला हरकत नाही. डर्माप्लेनिंगला ब्लेड तुमच्यासमोर नवं उघडलेलं हवं. (त्याने केस राठ येत नाहीत, टोक आडवं कापलं गेल्याने तसं वाटतं.) जास्त टक्क्यांचे पील, टीसीए नावाच्या तीव्र ॲसिडचा पील, मायक्रोनीडलिंग, लेझर हे त्वचारोगतज्ज्ञांकडेच. फिनॉलचा खोल पील आणि त्वचा घासून काढणारं जुनं डर्माब्रेजन आपल्या रंगाच्या त्वचेवर शक्यतो टाळतात.

पाटीवर 'कॉस्मेटोलॉजिस्ट' असलं म्हणून भुलू नका. तो काही आठवड्यांचा कोर्सही असू शकतो. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर रागावणाऱ्यांकडे चेहरा देऊ नका.

तुमचे हक्क असे:

- कुठलं ॲसिड, किती टक्के, किती सिटिंग, किती खर्च, हे आधी आणि लेखी मिळायला हवं. बाटलीचं लेबल पाहायला मागा.
- संमतिपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून मगच सही. इंग्रजी फॉर्म पुढे सरकवून 'इथे सही करा' म्हटलं तर थांबवा.
- तुमचे आधीचे-नंतरचे फोटो जाहिरातीत वापरायला स्वतंत्र परवानगी लागते. नाही म्हणता येतं.
- डॉक्टरांकडे उपचाराची कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.
- बिल घ्याच. बिगर-बिलाच्या सवलतीत तुमचा पुरावा जातो.

नुकसान झालंच तर रोजच्या रोज तारखेसह फोटो काढा आणि दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचं लेखी मत घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ही वाट पार्लरविरुद्धही मोकळी आहे.

लग्न ठरलं असेल तर

पील करायचाच असेल तर तीन-चार महिने आधी सुरुवात करा. शेवटचा पील लग्नाच्या नव्हे, हळदीच्या किमान तीन आठवडे आधी. नुकत्याच सोललेल्या चेहऱ्यावर दहा काकू-माम्यांच्या हातांनी चोळलेली हळद, वर कुणीतरी प्रेमाने घातलेलं चंदन आणि अत्तर, याचा विचार ब्यूटी पॅकेज बनवणारे करत नाहीत. शेवटच्या पंधरवड्यात कुठलाही नवा उपचार नको, फुकट मिळत असला तरी. ज्यांच्या हातात पंधराच दिवस आहेत त्यांनी मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि झोप यांवर भागवावं. फोटोत तेही दिसतं.

पील झाल्यावरचा आठवडा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाभोवती पापुद्रे सुटतात. ते ओढायचा मोह आवरा, डाग तिथेच पडतात. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन दोन बोटांवर भरून चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. दुचाकीवर ओढणी किंवा स्कार्फ. दोन दिवस वाफ, व्यायामाचा घाम, मेकअप नको. फोड आले, पू दिसला, दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी उपचार केलेल्या डॉक्टरांना गाठा. घरातली स्टेरॉइडची ट्यूब मनानेच लावू नका.

आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना मेकअप न करता जा, सध्या चेहऱ्याला लावत असलेली प्रत्येक ट्यूब आणि बाटली एका पिशवीत घालून सोबत न्या. लपवलेली तर नक्कीच.